पाच-वीसची गाडी आणि आमचं घड्याळ

२८ मार्च १९९८, गुढीपाडवा
नवी वही आजपासून. नवी म्हणजे इराची बारावीची भूगोलाची. मागची साठ पानं कोरी टाकून दिली होती कन्येने. तिच्या पिढीला कागद म्हणजे झाडाची पानं वाटतात.
हिशेबाची वही वेगळी आहे. ही फक्त आगगाडीसाठी.
कारण असं. आता गोव्यापर्यंत रूळ जोडले गेल्यापासून वीर गावात जो तो रेल्वेचं कौतुक सांगत सुटला आहे. आमचं घर वीर स्टेशनच्या रस्त्यावर. ओट्यापुढच्या खिडकीतून रूळ दिसतात आणि गाडीतून उतरून हायवेला जाणारा प्रत्येक माणूस आमच्या पायरीसमोरून जातो. तेव्हा खरं काय ते मला दिसणार, गावाला नाही. मॅट्रिकला अंकगणितात मला अठ्ठ्याहत्तर होते.
संध्याकाळची पॅसेंजर. टाइमटेबल ५.२०. आज आली ५.३०. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं लेट! उतारू ४३.
मोजणी सहाला बंद करायची. सहाला पोथी. पोथी देवाची असते, ती उतारूंसाठी थांबत नाही.

२९ मार्च
५.३०. उतारू ४०.
हे (म्हणजे इराचे बाबा, यज्ञेश्वर, महाड एमआयडीसीत स्टोअर सांभाळतात) म्हणाले, "रेल्वे आली हे बरं झालं, इराचं लग्न मुंबईकडे झालं तरी ती पटकन येईल." यांना सगळं बरंच वाटतं.
पण एक संकल्प इथे लिहून ठेवते. माझं माहेर कशेडीच्या पलीकडे. इराच्या वेळी सातव्या महिन्यात सामान बांधून तयार होते; घाटात दरड आली, आठ दिवस रस्ता बंद, मग सासूबाई म्हणाल्या आता कशाला जातेस. इरा इथेच झाली, याच माजघरात, रंगूबाई सुईणीच्या हातून. आईच्या हातचा डिंकाचा लाडू काही मला मिळाला नाही. इराचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार. माझ्या घरात. वीरेश्वराला बोलले आहे.

३१ डिसेंबर १९९८
वर्षाची सरासरी: लेट १० मिनिटे. उतारू ४१.
बघण्यासारखं म्हणजे गाडी नेमाने दहाच मिनिटं लेट येते. आळसातसुद्धा शिस्त असते काहींची.

१२ जुलै १९९९
यांची कंपनीची बस पुन्हा चुकली. आमचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. सासूबाईंची रीत. घर कधी उशिरा पडू नये म्हणून. पण हे आता मनातल्या मनात दहा वजा करतात आणि अंथरुणात लोळतात. माणसाला सुधारायला जावं तर तो वजाबाकी शिकतो.
हे आंघोळीला गेल्यावर स्टुलावर चढून काटा आणखी पाच मिनिटं पुढे केला. कोणाला सांगितलं नाही.

१३ जुलै
बस मिळाली यांना. धावत का होईना.
गाडी आज ५.३५. म्हणजे पंधरा मिनिटं लेट! पावसाचं निमित्त मिळालंच रेल्वेला.

३१ डिसेंबर १९९९
सरासरी लेट (जुलैपासून) १५ मिनिटे. उतारू ३३. शतक संपलं आणि रेल्वे सुधारण्याऐवजी पाच मिनिटं मागे गेली. लोक मूर्ख नाहीत. एक्केचाळीसाचे तेहेतीस झाले, ते उगाच नाही.

६ फेब्रुवारी २०००
शेजारच्या बनुबाईशी वाद. ही भाजीच्या पाट्या घेऊन गाडीने माणगावला जाते. घरात घड्याळ नाही. आगगाडीवर वेळ लावते! गाडी गेली की चूल पेटवते, मालगाडी गेली की निजते. मी म्हटलं, बनुबाई, तुमची गाडी रोज पंधरा मिनिटं उशिरा येते, तुमचा भात रोज उशिरा होत असेल. तर म्हणते, "गाडी येळेवर येते गो वैनी. माजा भात कदी चुकला नाय." घड्याळ नसलेल्या बाईने वेळ सांगायची आणि आपण ऐकायची.

३ सप्टेंबर २००१
यांनी पंधरा वजा करायला सुरुवात केली आहे. कसं कळलं देव जाणे. काटा आणखी पाच पुढे. एकूण वीस. बघू आता किती हुशार आहेत.

३१ डिसेंबर २००१
सप्टेंबरपासून सरासरी लेट २० मिनिटे. उतारू १९.
आलेख काढला. भूगोलाच्या वहीत चौकटी आहेत ते उपयोगी पडलं. लेटची रेघ चढते आहे, उतारूंची उतरते आहे. इतका स्वच्छ आलेख मॅट्रिकच्या पुस्तकातसुद्धा नव्हता.

१९ मे २००२
इराचं लग्न पार पडलं. पनवेलचे लोक. जावई धवल, बँकेत. अठ्ठावीस गुण जुळले. विहीणबाई पत्रिकेच्या बाबतीत फार कडक. इराची जन्मवेळ तीनदा विचारली. पहाटे ४.५२. मी म्हटलं, आमच्या घरच्या घड्याळात बघून सासूबाईंनी स्वतः लिहिली आहे, चूक व्हायची सोय नाही.
वऱ्हाड गाडीने आलं. विहीणबाई सांगत होत्या, गाडी अगदी वेळेवर आली. पाहुण्यांना काय बोलायचं? वहीत नोंद आहे: ५.४०.

९ सप्टेंबर २००२
गणपतीची गर्दी म्हणतात. कुठली गर्दी? सहापर्यंत २१ उतारू.
मात्र पोथी वाचताना रस्त्यावर फार गलका. बॅगा, पोरं, ताशे. सहा वाजून गेल्यावर एवढी माणसं कुठून येतात कळत नाही. एसटीची असणार. मोजली नाहीत, मोजणी बंद झाली होती.

१७ जून २००३
यांची वजाबाकी वीसवर आली. काटा पुन्हा पाच पुढे. आता पंचवीस. ही शेवटची. पुढे गेले तर यांना न्याहारी आदल्या दिवशी द्यावी लागेल.

३१ डिसेंबर २००३
जूनपासून सरासरी लेट २५ मिनिटे. उतारू ८.
आठ! स्टेशनबाहेर पूर्वी चार मिनिडोर रिक्षा उभ्या असत, आता बारा असतात. उतारू नाहीत आणि मिनिडोर वाढतात. महाडच्या मिनिडोरवाल्यांना हिशेब कोणी शिकवला नाही असं दिसतं.

११ जानेवारी २००४
स्टेशनवर प्रवाशांची सभा. वही घेऊन गेले. आलेख उघडून दाखवला. बायका बघत राहिल्या.
स्टेशनमास्तर बुद्धरत्न म्हणून आहेत. तरुण, शांत, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी त्यांचं रजिस्टर आणलं. म्हणाले, "वहिनी, संध्याकाळची पॅसेंजर बहुतेक दिवस वेळेवर आहे. आणि तिकिटं दरवर्षी वाढताहेत." मी म्हटलं, रजिस्टर तुमचं, पेन तुमचं, गाडी तुमची, वेळेवरच असणार. ते हसले. म्हणाले, "तुमचं घड्याळ एकदा रेडिओशी जुळवून बघा."
घड्याळ जुळवा म्हणे! या गावात एक घड्याळ वेळेच्या मागे पडत नसेल तर ते आमचं. ते वेळेच्या पुढेच असतं.
बनुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. घरात घड्याळ नाही हिच्या.

२ ऑगस्ट २००४
इराला दिवस गेलेत. चौथा महिना. पनवेलहून फोन आला. (आमच्याकडे फोन आहे, तो येणाऱ्या कॉलसाठी.)
वीरेश्वराला नारळ. डिंक, खारीक, अळीव यांची यादी केली.

१० ऑक्टोबर २००४
विहीणबाईंशी बोलणं झालं. बोलणं कसलं, सूचना. सातव्यात आणून सोडते म्हणाल्या, पण गाडीने. मी म्हटलं, सहा वर्षांची नोंद आहे माझ्याकडे, गाडी पंचवीस मिनिटं लेट असते, रिकामी असते, एसटीने आणा. तर म्हणाल्या, "सातव्या महिन्यात बाईला हायवेच्या खड्ड्यांतून आणू? गाडीनेच येऊ. तुम्ही फक्त स्टेशनवर या. तिला पिशवीसुद्धा उचलू द्यायची नाही." आणि पुढे: "मी दोन दिवस राहून बघणार. तुमच्याकडे सगळं वेळच्या वेळी दिसलं तर ठेवून जाईन. नाहीतर आमचं पनवेल आहेच. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे."
वेळच्या वेळी! हे मला सांगतात. बघा म्हणावं.

१७ नोव्हेंबर
उद्या येणार. माजघर सारवून घेतलं. लाडू झाले, बावन्न. हे म्हणाले, "उद्या मला दुसरी पाळी आहे, दुपारनंतर मी नसेन, तू वेळेवर जा हो." मी वेळेवर जा! वेळेचा आलेख कोणी काढला या घरात?
बेत ठरला. टाइमटेबल ५.२०. वहीप्रमाणे गाडी येणार ५.४५. उगाच पंचवीस मिनिटं फलाटावर डास मारत बसण्यात अर्थ नाही. तेवढ्यात पोथी होते. ५.३५ ला घर सोडायचं. दहा मिनिटांची वाट.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी: पूजेच्या वेळी हे स्टुलावर चढून काहीतरी करत होते. रेडिओ लावला होता बातम्यांचा, मोठ्याने. मग घड्याळाचं काहीतरी सांगत होते मला. मी घंटा वाजवत होते. यांच्या बोलण्यात घंटा थांबवून ऐकण्यासारखं काय असतं?

दुपारी २.००: आज दिवस फार सावकाश चाललाय. एरवी दोनपर्यंत ऊन पायरीवर येतं, आज पुढे सरकून तुळशीपाशी गेलंय. ऊनसुद्धा आजकाल नियम पाळत नाही.

५.०५: पोथीला बसते. दार लावून घेतलं. मोठ्याने वाचायची, म्हणजे बाहेरचं कानावर येत नाही. अध्याय चालू असताना उठायचं नाही हा नेम.

५.३५: अध्याय संपला. मध्येच शिट्टी वाजली होती, सुमारे ५.२० ला. मालगाडी. त्यानंतर दार वाजलं. दोनदा. बनुबाईच असणार, विरजण मागायला. हिला पोथी आणि विरजण यांतला फरक कळत नाही. उठले नाही. नेम म्हणजे नेम.
निघते. वही बरोबर घेतली आहे. विहीणबाईंना गाडीतून उतरल्या उतरल्या आलेख दाखवता येईल.

५.४७, फलाटावर: पायरी उतरताच मागून बनुबाईची हाक. "वैनी! वैनी गो! थांबा की!" शुभ कामाला निघताना मागून हाक. थांबले नाही, वळून पाहिलं नाही. वीरेश्वराचं नाव घेतलं आणि पाय उचलले.
फलाट रिकामा. चिटपाखरू नाही. गेल्या वर्षीच्या जूनपासूनचे आठ उतारूसुद्धा गळाले म्हणायचे.

६.००: नाही आली. चाळीस मिनिटं.

६.१५: पंचावन्न मिनिटं. मास्तरांना विचारण्यात अर्थ नाही. ते वेळेवर आहे म्हणणार. इराचे पाय सुजले असतील गाडीत बसून. विहीणबाईंना मात्र आता कळलं असेल वेळेवर म्हणजे काय ते.

६.३०: सत्तर मिनिटे लेट!! सहा वर्षांतला उच्चांक. आलेखाला वर जागा उरली नाही, चौकटीबाहेर रेघ काढावी लागेल.

१९ नोव्हेंबर, सकाळ
काल पुढे लिहिलं नाही. आता लिहिते.
६.३५ ला वही उघडून मास्तरांच्या खिडकीशी गेले. म्हटलं, काय हो बुद्धरत्न, आजचं तुमच्या रजिस्टरात काय लिहिणार? ते म्हणाले, "कोणतं आजचं, वहिनी? ५.२० ची गाडी ५.२० ला गेली. तुमची इरा उतरली ना. मीच बॅग घेतली तिची, मिनिडोरपर्यंत नेत होतो. ती म्हणाली दहा मिनिटांवर घर आहे, चालते." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पाणी देऊ का?"
घेतलं नाही.
घरी आले. घराला कुलूप, किल्ली माझ्याच कमरेला. पलीकडे बनुबाईच्या ओट्यावर इरा बसलेली, पाय पाटावर, हातात बनुबाईच्या चहाची कपबशी. शेजारी विहीणबाई. बनुबाई सुपात वाल सोलत होती. मला बघून म्हणाली, "हाक मारली तर पळालात गो तुमी! मी आणाया येत व्हते, तर या बाय म्हनल्या, ऱ्हाऊ दे, बगू तरी किती येळ थांबतात."
विहीणबाई उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "दार वाजवलं आम्ही. आत पोथी चालली होती, छान मोठा आवाज आहे तुमचा." मी म्हटलं, पण गाडी ५.४५ ला येते! वही दाखवली. सगळी. सरासऱ्या, आलेख. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, नीट. मग इरा हसायला लागली. पोट धरून हसत होती, मला भीती वाटली. म्हणाली, "सासूबाई, आई घड्याळ लपून पुढे करते आणि बाबा लपून वजा करतात. आमच्याकडे हे मी लग्नाआधीपासून बघतेय. काल फोनवर बाबा म्हणाले होते, आज सकाळी रेडिओला लावतो, गोंधळ नको."
हेच ते. घंटा वाजत होती तेव्हा.
मी म्हटलं, घड्याळ पुढे असणं हा काही गुन्हा नाही. घराला वळण लागतं. विहीणबाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "इरा झाली तेव्हासुद्धा पुढे होतं का?"
बनुबाईचे वाल सोलायचे थांबले.
मी म्हटलं, दहाच मिनिटं. सासूबाईंची रीत होती.
"म्हणजे ४.५२ नाही, ४.४२," विहीणबाई म्हणाल्या. "आणि अठ्ठावीस गुण आम्ही ४.५२ चे जुळवले." मग, अगदी गोड आवाजात: "झालं ते झालं, सून गुणाची आहे. पण नातवंडाची जन्मवेळ मला या भिंतीवरून लिहून घ्यायची नाही."
मी इराकडे बघितलं. म्हटलं, तू सांग गं. माजघर सारवलंय. लाडू झालेत, बावन्न. घाट नाही, दरड नाही, मधे काही नाही.
तिने माझा हात धरला. म्हणाली, "आई, राग मानू नकोस. पण कळा सुरू झाल्या ना, की तू आधी वही बघशील."

आज सकाळच्या गाडीने दोघी परत पनवेलला गेल्या. दोन दिवसांचा मुक्काम एका रात्रीवर आला. लाडूंचा डबा दिला. हे दारात कुलूपकिल्लीशी खेळत उभे होते. बनुबाई स्टेशनपर्यंत आली पिशवी घेऊन. कोणी सांगितलं नव्हतं.

२० नोव्हेंबर
५.२०. उतारू:
सहापर्यंत बसले. एकशे बारा. पुन्हा मोजायचे तर माणसं गेली होती. बनुबाईला विचारलं, रोज इतके असतात? म्हणाली, "अदी कमी व्हते. आता लय."
आजचा आकडा विश्वासार्ह नाही म्हणून सोडून देते. एका दिवसावरून सरासरी काढत नाहीत.

२३ नोव्हेंबर
यांनी विचारलं, घड्याळ पुन्हा पुढे करू का? असू दे म्हटलं. सेल वाया जातात काटा फिरवून.

५ फेब्रुवारी २००५
सकाळी फोन. इरा सुखरूप. मुलगी. विहीणबाई स्वतः बोलल्या. जन्मवेळ ९.१४, रेडिओशी जुळवलेलं घड्याळ खोलीत टांगून ठेवलं होतं म्हणे, आणि दुसरं एक हातात.
मी म्हटलं, ९.१४, बरोबर. भिंतीकडे बघितलं. ९.१४ ला मी वहीचं शेवटचं पान आखत होते.

६ फेब्रुवारी
पनवेलला निघाले. लाडू नवे केले. फलाटावर गाडीच्या आधी तीस मिनिटं हजर, डास आहेत.
गाडी वेळेवर.
उतरणारे मोजले नाहीत. चढणारे: मी, आणि बनुबाई पाट्या घेऊन.
सिग्नलपाशी मात्र दोन मिनिटं थांबलीच. नोंद केली आहे.